अंगणातले पाहुणे

(आपल्या घराच्या आसपास रोज अनेक पक्षी येतात. आपण त्यांच्याकडे क्वचितच लक्ष देतो. हे पक्षी कसे ओळखावेत, त्यांचे निरीक्षण कसे करावे आणि फोटो कसे काढावेत, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे. पक्ष्यांवर प्रेम करताना आपल्याकडून त्यांना इजा होऊ नये, हे लेखकाने स्वतःच्या अनुभवातून सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, हा पाठ पुढे वाचण्यापूर्वी एक मिनिट पुस्तक मिटून ठेवा. डोळेही मिटा आणि फक्त कान उघडे ठेवा. रिक्षाचा आवाज ऐकू येईल, शेजारच्या वर्गातला गलका ऐकू येईल. पण त्या आवाजांच्या मागे आणखी काहीतरी आहे. कोणीतरी चिवचिव करत आहे. कोणीतरी 'काव काव' करून कोणाला तरी हाक मारत आहे. ऐकू आले ना? हे आपले पाहुणे आहेत. आपण त्यांना बोलावलेले नाही, तरी ते रोज येतात.

तुम्ही म्हणाल, "पक्षी पाहायला जंगलात जावे लागते. आमच्या मोहल्ल्यात कुठले आले पक्षी?" मीसुद्धा लहानपणी असेच म्हणत असे. माझे बालपण मालेगावात गेले. आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांची खडखड चाले. घरामागे चार पावलांचे अंगण होते. त्यात एक मेंदीचे झुडूप, एक लिंबाचे झाड आणि पाण्याची एक टाकी होती. एवढ्याशा जागेत मी एका वर्षात एकोणीस प्रकारचे पक्षी पाहिले! ते आधीही येतच असतील. मी मात्र त्यांच्याकडे कानाडोळा करत होतो.

पक्षी ओळखायचा कसा? त्याची एक सोपी रीत आहे. आधी त्याचा आकार पाहा. तो चिमणीएवढा आहे, बुलबुलाएवढा आहे, साळुंकीएवढा आहे की कावळ्याएवढा? हे चार पक्षी म्हणजे आपली मोजपट्टी. त्यानंतर चोच पाहा. दाणे फोडणाऱ्या चिमणीची चोच आखूड आणि जाड असते. फुलातला मध पिणाऱ्या शिंजिराची चोच लांब, बारीक आणि वाकडी असते. मांस फाडणाऱ्या घारीची चोच आकड्यासारखी असते. चोच पाहिली की पक्षी काय खातो ते कळते. मग रंग, शेपटी, उडण्याची ढब आणि आवाज यांकडे लक्ष द्या.

नर आणि मादी पुष्कळदा वेगळे दिसतात. चिमणीच्या नराच्या गळ्याखाली काळा डाग असतो. मादीला तो नसतो. दयाळ पक्ष्याचा नर काळाभोर आणि पांढरा असतो, तर मादीच्या अंगावर काळ्याऐवजी राखाडी रंग असतो. कोकिळाची तर गंमतच आहे. 'कुहू कुहू' असे गोड गाणारा काळा पक्षी नर असतो. मादी तपकिरी असून तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात. ती घरटे बांधत नाही. आपले अंडे ती कावळ्याच्या घरट्यात गुपचूप घालते आणि बिचारा कावळा परक्याचे पिल्लू वाढवतो!

तुमच्या आणि माझ्या भाषेतही पक्ष्यांची ये-जा चालू असते. तुम्ही जिला मैना म्हणता, ती मराठीत साळुंकी होते. तुमचा तोता मराठीत पोपट होतो. विणकाम करणाऱ्या बयाला मराठीत सुगरण म्हणतात. बुलबुल मात्र दोन्ही भाषांत बुलबुलच राहतो. पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. फारसी आणि उर्दू कवितेत गुलाबासाठी झुरणारी बुलबुल इराणकडची आहे आणि ती वेगळ्या कुळातली आहे. आपल्या अंगणातल्या बुलबुलाच्या डोक्यावर काळा तुरा असतो आणि शेपटीच्या मुळाशी खालून लाल रंग असतो. म्हणून त्याला लालबुड्या बुलबुल म्हणतात.

आवाजाचेही असेच आहे. पावसाळ्याच्या तोंडावर एक पक्षी सतत ओरडतो. उर्दूत त्याला पपीहा म्हणतात आणि तो 'पी कहाँ, पी कहाँ' असे विचारतो, असे मानतात. मराठी शेतकरी त्याला पावशा म्हणतो. त्याला तोच आवाज 'पेरते व्हा, पेरते व्हा' असा ऐकू येतो. पक्षी एक, आवाज एक, पण ऐकणाऱ्याच्या मनात जे असते तेच त्याला ऐकू येते.

तुमच्यासारखाच एक मुलगा मुंबईत राहत होता. त्याचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्यामुळे खेतवाडीत राहणारे मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला वाढवले. त्याच्याजवळ छर्‍याची बंदूक होती आणि तिने तो चिमण्या टिपत असे. एके दिवशी त्याने टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही चिमणी कोणती? ते विचारण्यासाठी मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था निसर्गाचा अभ्यास करते. तिचे चिटणीस मिलार्डसाहेब मुलावर रागावले नाहीत. त्यांनी चिमणीचे नाव सांगितले आणि पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्याला दाखवले. ते पाहून मुलाचे भान हरपले. तो मुलगा म्हणजे जगप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली.

पुढे सलीम अली यांनी आपले सारे आयुष्य पक्ष्यांच्या अभ्यासाला वाहिले. १९३० साली ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहत होते. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या वसाहतीकडे बारकाईने लक्ष ठेवले. त्यांना दिसले की घरटे विणायचे काम नर करतो. घरटे अर्धे झाले की मादी येऊन ते तपासते. पसंत पडले तरच ती तिथे राहते आणि मग नर घरटे पुरे करतो. ही गोष्ट त्यांना शांत बसून, डोळ्यांत तेल घालून पाहिल्यामुळे कळली. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि सामान्य माणसाला पक्षी ओळखणे सोपे झाले. भारत सरकारने १९७६ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. १९८७ साली त्यांचे निधन झाले. मराठीतील अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर. त्या दिवसापासून सलीम अली यांच्या जन्मदिवसापर्यंतचा, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो.

आता आपण फोटोंकडे वळू. आज बहुतेक घरांत मोबाइल असतो आणि मोबाइलमध्ये कॅमेरा असतो. अब्बांची किंवा अम्मीची परवानगी घेऊन तुम्हीही पक्ष्यांचे फोटो काढू शकता. त्यासाठी काही गोष्टी लक्षात ठेवा. सकाळचे कोवळे ऊन सर्वांत चांगले. सूर्य तुमच्या पाठीमागे असावा. पक्ष्याच्या मागे पांढरे आभाळ असेल तर पक्षी काळा दिसतो, म्हणून मागे झाड किंवा भिंत असेल अशी जागा निवडा. मोबाइल खिडकीच्या चौकटीला टेकवा, म्हणजे हात हलणार नाही. मोबाइलमध्ये चित्र फार मोठे करून फोटो काढला तर तो धूसर येतो. त्यापेक्षा फोटो आधी काढा आणि नको असलेला भाग नंतर कापा. फोटोत पक्ष्याचा डोळा स्पष्ट आला की पक्षी जिवंत वाटतो.

पक्ष्यामागे धावू नका. पक्ष्याला तुमच्याकडे येऊ द्या. मातीच्या पसरट भांड्यात चार बोटे पाणी ठेवा. भांड्यात एक दगड ठेवा, म्हणजे लहान पक्ष्याला त्यावर बसता येईल. भांड्याजवळ एक वाळकी फांदी रोवा. पाण्यावर उतरण्यापूर्वी पक्षी पुष्कळदा आधी फांदीवर बसून इकडेतिकडे पाहतो. तोच फोटो काढण्याचा क्षण! भांडे मांजराला दबा धरता येणार नाही अशा मोकळ्या जागी ठेवा. पाणी रोज बदला. खायला तांदळाची कणी किंवा बाजरी ठेवा. शेव, फरसाण असे खारट आणि तळलेले पदार्थ ठेवू नका.

मुलांनो, आता मी तुम्हाला माझी एक चूक सांगतो.

१९९२ सालची उन्हाळ्याची सुट्टी होती. मी तेव्हा आठवीत होतो. मामूजान सुट्टीत आमच्याकडे आले होते. त्यांच्याजवळ कॅमेरा होता. तेव्हा कॅमेऱ्यात फिल्मचा रोल घालावा लागे. एका रोलमध्ये ३६ फोटो निघत आणि प्रत्येक फोटोला पैसे पडत. मामूजान म्हणाले, "रोलमधले शेवटचे चार फोटो तुझे."

माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. कारण अंगणातल्या मेंदीच्या झुडपात बुलबुलाच्या जोडीने घरटे बांधले होते. काड्या, मुळ्या आणि आमच्या गल्लीत सगळीकडे पडलेले सुताचे धागे वापरून केलेली ती एक छोटीशी वाटी होती. त्यात गुलाबीसर रंगाची, लाल ठिपक्यांची तीन अंडी मी दुरून पाहिली होती. आता तिथे तीन पिल्ले होती. त्यांच्या अंगावर अजून पुरती पिसेही आली नव्हती. आई किंवा बाप किडा घेऊन आला की तिघेही चोची वासत.

दादीजान म्हणाल्या, "बेटा, घरट्याजवळ जाऊ नकोस. त्यांनी तुझ्या भरवशावर इथे घर केले आहे."

मी मान डोलावली. पण दुपारी सगळे झोपल्यावर मी झुडपाजवळ गेलो. पानांमुळे घरट्यावर उजेड पडत नव्हता. मी दोन फांद्या बाजूला ओढल्या आणि सुताच्या धाग्याने बांधून टाकल्या. आता घरटे अगदी स्वच्छ दिसू लागले. मी चारही फोटो काढले. बुलबुल तारेवर बसून कर्कश ओरडत होते. मला वाटले, फोटो काढून झाला की ते गप्प होतील. तेवढ्यात अम्मीने आतून हाक मारली. मी घाईघाईने घरात पळालो. फांद्या सोडायचे विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कावळ्यांचा गलका ऐकू आला. मी धावत अंगणात गेलो. घरटे रिकामे होते. एक कावळा भिंतीवर बसून चोच पुसत होता. बुलबुलाची जोडी लिंबाच्या झाडावर होती. मादीच्या चोचीत एक हिरवी अळी होती. ती घरट्यापर्यंत येई, आत पाही आणि परत जाई. किती वेळा, ते मी मोजले नाही.

कावळ्याचा यात काय दोष? त्यालाही पिल्ले असतात. पानांनी जे लपवून ठेवले होते, ते मी उघडे करून दिले होते.

दादीजान मला एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या झुडपाजवळ गेल्या आणि त्यांनी धाग्याची गाठ सोडली. फांद्या पुन्हा जागेवर आल्या. त्यांनी रागावून मला दोन शब्द ऐकवले असते तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

काही दिवसांनी रोल धुऊन आला. चारपैकी एक फोटो फार सुंदर आला होता. तीन उघड्या चोची, त्यांच्या आतला लाल रंग, सारे काही स्पष्ट होते. घरी येणारा प्रत्येक जण त्या फोटोची तारीफ करी. मी मात्र तिथून उठून जात असे.

पुढच्या वर्षी बुलबुलाच्या एका जोडीने पुन्हा त्याच झुडपात घरटे बांधले. तीच जोडी होती की दुसरी, कोण जाणे! या वेळी मी अंगणात पाऊलही टाकले नाही. खिडकीचे एक दार किलकिले करून रोज पाहत राहिलो. कावळा जवळ आला की आतूनच टाळी वाजवत असे. अंड्यातून बाहेर आल्यापासून साधारण दोन आठवड्यांत पिल्ले उडाली. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. पहिले पिल्लू धडपडत तारेवर जाऊन बसले, तेव्हा मी खिडकीतून एक फोटो काढला. तो धूसर आहे. पक्षी कोणता आणि पान कोणते, हे दुसऱ्याला सांगावे लागते. माझ्या टेबलावर तोच फोटो आहे.

म्हणून मी तुम्हाला आग्रहाने सांगतो. घरट्याचा, अंड्यांचा किंवा लहान पिल्लांचा फोटो जवळ जाऊन काढू नका. फांदी मोडू नका, वाकवू नका, बांधू नका. फ्लॅश वापरू नका. पक्षी ओरडू लागला, चोचीत खाऊ धरून नुसताच बसून राहिला किंवा पुन्हापुन्हा उडू लागला, तर तुम्ही फार जवळ आहात असे समजा आणि मागे फिरा. फोटो हुकला तर उद्या पुन्हा काढता येईल.

फोटो नसला तरी बिघडत नाही. एक साधी वही घ्या. तारीख, वेळ, पक्ष्याचे नाव, संख्या आणि तो काय करत होता, हे लिहा. अशा नोंदी फार उपयोगी असतात. १९९८ साली अमेरिकेत अंगणातल्या पक्ष्यांची मोठी गणना सुरू झाली. २०१३ पासून ती जगभर होते आणि भारतातले लोकही तिच्यात भाग घेतात. फेब्रुवारी महिन्यात चार दिवस लोक निदान पंधरा मिनिटे पक्षी मोजतात आणि आपली यादी पाठवतात. त्यात शास्त्रज्ञ असतात, तशी शाळकरी मुलेही असतात.

या नोंदींतून काय कळते, ते पाहा. 'चिमण्या संपल्या' असे सगळे म्हणत होते. भारतभरच्या हजारो पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून २०२० साली एक अहवाल निघाला. त्यात दिसले की देशात एकूण चिमण्यांची संख्या जवळजवळ टिकून आहे. मोठ्या शहरांत मात्र ती घटली आहे. नुसते वाटणे आणि मोजून पाहणे यांत असा फरक असतो. चिमण्यांची आठवण राहावी म्हणून २०१० पासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळतात. त्यासाठी नाशिकचे महंमद दिलावर यांनी पुढाकार घेतला.

आनंद वाटला की वाढतो. तुम्ही पाहिलेला पक्षी घरी सांगा, वर्गात सांगा. तुमच्या आजीला विचारा, तिच्या लहानपणी अंगणात कोण येत असे? तिला कदाचित हुदहुद आठवेल, कदाचित घुबड आठवेल. ते वहीत लिहून ठेवा.

उद्या सकाळी लवकर उठा आणि खिडकीपाशी दहा मिनिटे गप्प बसा. पाहुणे येतील. त्यांनी तुमच्या भरवशावर तिथे यावे, एवढे मात्र तुमच्या हाती आहे.

शब्दार्थ

गलका – गोंगाट
ढब – पद्धत, रीत
झुरणे – आठवणीने दुःखी होणे
टिपणे – नेम धरून मारणे
चिटणीस – संस्थेचे काम पाहणारा अधिकारी
धूसर – अस्पष्ट
रोवणे – जमिनीत घट्ट उभे करणे
दबा धरणे – हल्ला करण्यासाठी लपून बसणे
चोच वासणे – चोच उघडणे
किलकिले – थोडेसे उघडे

वाक्प्रचार

कानाडोळा करणे – लक्ष न देणे
भान हरपणे – स्वतःला विसरून जाणे
डोळ्यांत तेल घालून पाहणे – अतिशय लक्षपूर्वक पाहणे
आनंदाला पारावार न राहणे – खूप आनंद होणे
जिवात जीव येणे – काळजी दूर होऊन बरे वाटणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पक्ष्याचा आकार ठरवताना कोणत्या चार पक्ष्यांची मोजपट्टी वापरावी?
(आ) गोड गाणारा कोकीळ नर असतो की मादी?
(इ) सलीम अली यांनी टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर काय होते?
(ई) लेखकाला रोलमधले किती फोटो मिळाले?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पावशाचा आवाज वेगवेगळ्या लोकांना कसा ऐकू येतो?
(आ) सुगरण पक्ष्याविषयी सलीम अली यांना काय दिसले?
(इ) पाण्याच्या भांड्याजवळ वाळकी फांदी का रोवावी?

प्र. ३. कारणे लिहा.
(अ) कावळ्याला बुलबुलाची पिल्ले सहज दिसली, कारण...
(आ) फोटोची तारीफ होऊ लागली की लेखक उठून जात असे, कारण...
(इ) लेखकाने टेबलावर धूसर फोटो ठेवला आहे, कारण...

प्र. ४. योग्य जोड्या लावा.
'अ' गट : मैना, तोता, बया, पपीहा
'ब' गट : सुगरण, पावशा, साळुंकी, पोपट

प्र. ५. पाच-सहा ओळींत लिहा.
'त्यांनी तुझ्या भरवशावर इथे घर केले आहे,' असे दादीजान का म्हणाल्या? तुमच्या शब्दांत लिहा.

भाषाभ्यास

(१) वचन बदला : चिमणी, कावळा, घरटे, पिल्लू, फांदी, चोच.
(२) पुढील वाक्य भूतकाळात लिहा : बुलबुल तारेवर बसून ओरडतो.
(३) पाठातील कोणत्याही तीन वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम

घराच्या किंवा शाळेच्या अंगणात येणारे पक्षी एक आठवडा रोज दहा मिनिटे पाहा. तारीख, वेळ, पक्ष्याचे मराठी नाव, उर्दू नाव आणि संख्या असा तक्ता तयार करा. सर्वांचे तक्ते एकत्र करून वर्गाच्या भिंतीवर लावा.